गोवरीतला पांढरा दोरा

"शिवे, थांब! ती गोवरी थापू नको!"

मुनिरा ओरडली तेव्हा शिवकन्येचा शेणाने भरलेला हात भिंतीपासून वीतभरच लांब होता. ती जागच्या जागी थांबली. हातातला गोळा मात्र थांबला नाही. तो निसटला आणि थेट गहिनीनाथच्या पायावर जाऊन बसला.

"ए! नव्या चपला हायत माझ्या!"

"नव्या? गेल्या जत्रेत घेतलेल्या?" शिवकन्या हसली. "मुने, कावून ओरडलीस गं? इंचू होता का?"

मुनिरा खाली वाकली आणि तिने गोळ्यातून काहीतरी दोन बोटांनी ओढून काढलं. लांब, चपटं, पांढरं. एक निघालं, मागोमाग दुसरं निघालं.

"शेणात शेवया?" गहिनीनाथ डोळे मोठे करून म्हणाला. "गाय कुणाच्या लग्नात जेवून आली की काय!"

"शेवई असती तर पोटात विरघळली असती," मुनिरा म्हणाली. तिने तो दोरा उन्हाकडे धरला. तो चकाकला.

ही तिघं धामणटेकच्या शाळेत सातवीत होती. सुट्टी लागली होती, पण त्या साली सुट्टीला सुट्टी म्हणावं असं गावात काही उरलं नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. विहिरींच्या तळाशी बेडूकही राहिले नव्हते. पाणी टँकरचं. माजलगावकडून उसाचं वाढं ट्रकने यायचं, आणि गावच्या सहकारी सोसायटीने माळावर चालवलेल्या छावणीत चारशे जनावरं ते खाऊन दिवस काढत होती. निम्मं गाव जनावरांच्या सोबतीला छावणीतच राहायला आलं होतं. मुलांना तर ती मोठी जत्राच वाटायची. बायनाआज्जीला गोवऱ्या थापू लागलं की ती ओंजळभर भाजलेले चिंचोके द्यायची. आजची थापणी त्या चिंचोक्यांसाठीच चालली होती.

"आज्जी, शेणात दोरे निघायलेत!" शिवकन्येने हाक मारली.

"निघू दे! चुलीत जळत्यात का न्हाई तेवढं बघ," आज्जी लांबूनच म्हणाली. "आन् हात चालवा. तोंडं चालवायचे चिंचोके न्हाई मिळत!"

तेवढ्यात दावणींकडून आरडाओरडा ऐकू आला आणि तिघंही शेणाच्या हातांनीच तिकडे पळाली.

शिवकन्येची गाय हरणी आडवी पडली होती. चार दिवसांपासून ती नीट खात नव्हती, आता तिचं पोट ढोलासारखं फुगलं होतं. शिवकन्येची आई कौशल्याबाई तिच्या मानेवरून हात फिरवत बसल्या होत्या. भोवती माणसं जमली होती, आणि मधोमध सोसायटीचे सेक्रेटरी अर्जुनराव एक गोणपाटाचं पोतं हवेत नाचवत होते.

"सात जनावरं! सात जनावरं आजारी पडली! सगळ्यात आधी ही हरणी. आन् तिच्या म्होरं पोतं कोणतं? हे बघा! नबीचा जुना बारदाना! कुठल्या तरी फवारणीच्या औषधाचं पोतं असणार!"

मुनिराचा चेहरा उतरला. नबी म्हणजे तिचे अब्बा. जुनी तागाची पोती विकत घ्यायची, झटकायची, ठिगळं लावून नीट करायची आणि पुन्हा विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. अशा पोत्यांना बाजारात बारदाना म्हणतात. सिरसाळ्याच्या बाजारापर्यंत सगळे सांगायचे, पोतं घ्यावं तर नबीचं.

नबीचाचा गर्दीत मागे उभे होते. ते पुढे आले.

"साहेब, औषधाचं पोतं मी घरात घेत न्हाई. दारावरूनच परत धाडतो. हरेक पोतं मी उलटं करतो, काठीनं झोडपतो, नाकानं हुंगतो."

"नाक म्हंजे काय प्रयोगशाळा हाय का?" अर्जुनराव गरजले. "परवा शनिवारी सोसायटीची सभा हाय. चेअरमन येणार, ढोरांचे डॉक्टर येणार. मी ठराव मांडणार! नबीचा बारदाना कायमचा बंद! आजूबाजूच्या सोसायट्यांना बी कळवणार! आन् ही सगळी विषारी पोती उद्या दुपारी चारला जाळणार!"

नबीचाचांनी खिशातला पोती शिवायचा दाभण चाचपला आणि ते खाली मान घालून निघून गेले. ते मुनिराला फार लागलं. अब्बांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"रडू नको," शिवकन्या म्हणाली, पण तिचेच डोळे भरले होते. एकीची गाय आणि एकीचे वडील, दोघांवर एकाच दिवशी संकट!

"रडायला येळ न्हाई," गहिनीनाथने पायावरचं शेण झटकलं. "उद्या चार वाजेपर्यंत हाय आपल्याजवळ. चला, आधी मोजू!"

"काय मोजायचं?"

"पोती! आन् ढोरं! सेक्रेटरीनं नुसतं हरणीपुढचं पोतं बघितलं. बाकीची कुणी बघितली?"

गहिनीनाथ अभ्यासात यथातथाच होता. पण असं कधीकधी त्याच्या डोक्यातून एकदम काहीतरी निघायचं आणि मग तो स्वतःच चकित व्हायचा.

छावणीत नऊ दावणी होत्या. चाऱ्याची बारीक कुट्टी पोत्यात भरून प्रत्येक जनावरापुढे ठेवलेली असायची. पाच दावणींपुढे नबीचाचांचा बारदाना होता. तो ओळखायला सोपा. पोतं दुरुस्त केलं की चाचा त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक गाठ मारायचे. एक दुरुस्ती, एक गाठ. उरलेल्या चार दावणींपुढे पांढरी प्लास्टिकची विणलेली पोती होती. ती पाडव्याला आली होती. "बारदाना जुनाट दिसतो, सोसायटीला शोभत न्हाई," असं म्हणून अर्जुनरावांनीच ती गेवराईच्या हायवेवरून आणली होती.

तासाभराने तिघं बाभळीखाली बसून हिशोब जुळवत होती.

"आजारी सात," मुनिरा म्हणाली. "त्यातली सहा पांढऱ्या पोत्यांच्या दावणीतली! बारदान्याच्या दावणीतली एकच."

"हरणी," शिवकन्या हळूच म्हणाली.

"हरणीच कशी काय? तिच्या शेजारचा बैल ठणठणीत हाय, पलीकडची म्हैस ठणठणीत हाय," मुनिरा म्हणाली.

तिथे गाडी अडली. हरणीचं पोतं त्यांनी पाहिलं होतं. सात लाल गाठींचं, मजबूत, वास घेतला तर नुसता चाऱ्याचा.

"आन् दुसरं कोडं," शिवकन्या म्हणाली. "पांढरी पोती पाडव्याला आली. दोन महिने होत आले. ढोरं आत्ताच कावून आजारी पडायलीत?"

गहिनीनाथ चिंचोका चघळत भिंतीकडे बघत होता. सोसायटीच्या जुन्या गोदामाची ती लांबलचक भिंत आणि तिच्यावर बायनाआज्जीच्या गोवऱ्या. आज्जी फार शिस्तीची. रोज एक उभी ओळ थापायची आणि वाळली तरी काढायची नाही. पाऊस दिसला की सगळ्या एकदम उतरवायच्या, असा तिचा नेम. पाऊस दिसतच नव्हता, म्हणून गोवऱ्या भिंतभर तशाच होत्या.

गहिनीनाथने चिंचोका थुंकला.

"अगं, ते कॅलेंडर हाय!"

"काय?"

"ती भिंत! एक ओळ म्हंजे एक दिवस! कोणत्या ओळीपासनं दोरे निघत्यात ते बघायचं!"

"म्हंजे गोवऱ्या फोडायच्या?" शिवकन्या मागे सरकली. "आज्जी आपल्याला फोडंल!"

आज्जीने आधी तेच करायचं ठरवलं होतं. "माझ्या गोवऱ्या? फोडणार? उन्हानं टकुरं फिरलं का पोरांनो?" पण मुनिराने सगळं सांगितलं, तिच्या अब्बांचं नाव निघालं, तशी आज्जीने कमरेला पदर खोचला. मग तीच पुढे झाली.

"ही पाडव्याची ओळ. ही हनुमान जयंतीची. ही आखाजीची, अक्षय तृतीयेची, त्या दिशी माझी लेक आलती. फोडा! पर एका ओळीतली एकच. आन् जेवढ्या फोडताल तेवढ्या थापून द्यायच्या!"

पाडव्याची गोवरी फोडली. आत नुसता काडीकचरा. हनुमान जयंतीची फोडली. काही नाही. आखाजीची फोडली. तीही स्वच्छ. त्यापुढच्या दोन ओळींतल्याही स्वच्छ. आखाजीनंतर तिसऱ्या दिवसाची फोडली, आणि मुनिरा ओरडली. आत तीन पांढरे दोरे होते! पुढच्या ओळीत पाच. त्यापुढच्यात मोजायचा कंटाळा यावा इतके.

"आखाजीचा तिसरा दिवस," शिवकन्या पुटपुटली. "त्या दिवशी काय झालं होतं?"

"थांब!" मुनिराने कपाळावर हात मारला. हाताला शेण आहे हे ती विसरली होती. "आपली वही! आपली दोरी!"

आता त्या दोरीविषयी सांगायला हवं. परीक्षेआधी शहादेव सरांनी सुट्टीतला एक उपक्रम दिला होता. आपल्याकडे येणारी प्रत्येक वस्तू कशात तरी बांधून येते. त्या बांधण्याचं पुढे काय होतं? जमिनीला, पाण्याला, जनावराला कशाचा त्रास कमी, कशाचा जास्त? सरांनी उत्तर सांगितलं नव्हतं. "तुम्हीच शोधा," म्हणाले होते.

मग तिघांनी पाडव्याला नबीचाचांच्या शेडपुढे एक दोरी बांधली आणि तिच्यावर पाच तुकडे लटकवले: गोणपाट, जुनं कापड, किराण्याच्या पुडीचा खाकी कागद, पळसाच्या पानांची पत्रावळ आणि पांढऱ्या पोत्याचा तुकडा. तसेच पाच तुकडे मोरीच्या सांडपाण्याजवळ पुरले होते. त्यावरून कौशल्याबाईंची बोलणी बसली होती. "माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी चिंध्यांना पाणी पाजताय!" रोजची नोंद वहीत करायची होती. आणि खरं सांगायचं तर आतापर्यंत वहीत पांढरं पोतंच पहिल्या नंबरवर होतं. वजनाला हलकं, पाण्याने भिजत नाही, कुजत नाही. ताग मात्र पाण्यात बुडवून कुजवावा लागतो, तेव्हा कुठे त्याचा धागा निघतो. दुष्काळात एवढं पाणी पिणाऱ्याला पहिला नंबर कोण देणार? गहिनीनाथने तर पांढऱ्या पोत्यापुढे चांदणी काढली होती.

तिघं शेडकडे धावली. मुनिराने वही काढली. गहिनीनाथच्या अक्षरात पानंच्या पानं होती, "आज काही झालं नाही. आज पण काही झालं नाही." मग मुनिराच्या अक्षरातली एक ओळ आली. तिने ती मोठ्याने वाचली.

"आखाजीनंतर तिसरा दिवस. पांढऱ्या तुकड्याचे धागे सुटायला लागले. गहिन्याने हात लावला म्हणून सुटले."

"मी हात लावला न्हवता!" गहिनीनाथ उसळला. "तवा बी सांगितलं मी! तुमी ऐकलं का? कुणी ऐकलं?"

"तेव्हापासून आपण त्याच्याकडं नीट बघितलंच न्हाई," शिवकन्या म्हणाली. "तू खराब केलास म्हणून सोडून दिलं."

तिने दोरीवरचा पांढरा तुकडा दोन बोटांत धरला. नुसता धरला. त्याचा चुरा झाला आणि पांढऱ्या सळ्या भुरभुर खाली पडल्या. शेजारचा गोणपाटाचा तुकडा तिने ओढला, दोन्ही हातांनी ओढला, गहिनीनाथने दुसरीकडून ओढला. तुकडा फाटला नाही, जणू हसत होता.

"ऊन!" मुनिरा म्हणाली. "उन्हानं खाल्लं त्याला! महिनाभर काही न्हाई, आन् मग एकदम! छावणीतली पोती बी पाडव्याचीच, ती बी उन्हातच. वरनं पांढऱ्या सळ्या कुट्टीत पडायल्या. कुट्टी बी पांढुरकीच, कुणाला दिसणार?"

"आन् पोती उन्हात कावून हायत?" शिवकन्येने विचारलं. "चाऱ्यासाठी तर पत्र्याचं शेड बांधलंय!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या शेडमध्ये अर्जुनरावांचं टेबल होतं, खुर्ची होती, पाण्याचा माठ होता, आणि दुपारी झोपायची बाज होती.

"मुने, माझी माफी माग," गहिनीनाथ गंभीरपणे म्हणाला. "माझ्यावर खोटा आळ घेतलास तू. अगदी तुझ्या अब्बांवर घेतला तसाच."

मुनिराने खरंच कान धरले. तिला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले. छावणीच्या टोकाला बारदान्याचा ढीग रचलेला होता. दोनेकशे पोती, शेजारी रॉकेलचा डबा. पोतीच जळाली तर सभेत दाखवायचं काय?

"लपवू," शिवकन्या म्हणाली.

"दोनशे पोती? कुठं, तुझ्या दप्तरात?" गहिनीनाथने डोकं खाजवलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. "तुमी दोघी ढिगाजवळ थांबा. मी आलोच!"

तो शेडमध्ये गेला. अर्जुनराव बाजेवर घोरत होते. गहिनीनाथ त्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब... ओ साहेब..."

"अं?"

"ती पोती समोरून हलवू का?"

"हलव, हलव! मला झोपू दे!"

"साक्षीला हा माठ हाय बरं का," असं पुटपुटत गहिनीनाथ बाहेर आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "फुकट! पोती फुकट! सांडपाण्यात भिजवून बांधा, ढोरांना सावली करा! घरटी दोन-दोन! सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय, हलवा म्हणून!"

बायका गोळा झाल्या, पण हात कुणी लावेना.

"विषारी हायत म्हणत्यात ना?" एकजण म्हणाली.

गर्दीतून बायनाआज्जी आली. "विषारी? नबीच्या पोत्यातली ज्वारी तीस वर्सं खातेय मी! मेले का? बघ की माझ्याकडं, मेले का?" तिने वरची दोन पोती ओढली आणि खांद्यावर टाकली. मग काय विचारता! एकीने घेतलं की दुसरीला वाटतं, आपलं राहिलं. अर्ध्या तासात ढीग गायब! दावणीदावणीवर ओली पोती ताणली गेली आणि त्यांच्या गारव्याखाली जनावरं डोळे मिटून उभी राहिली.

चार वाजता अर्जुनराव आगपेटी घेऊन आले. समोर रिकामी जमीन आणि रॉकेलचा डबा!

"पोती कुठं गेली?"

"तुमीच तर हलवायला सांगितलं, साहेब," गहिनीनाथ भोळा चेहरा करून म्हणाला. अर्जुनरावांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. ते आगपेटीकडे बघत राहिले.

शनिवारी सकाळी माळावर सभा भरली. चेअरमन सुंदरराव आले. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, आवाज भारदस्त. जनावरांचे डॉक्टरही आले होते. त्यांनी आदल्या दिवशीच आजारी जनावरांना तेल पाजलं होतं, हरणीला एक सुईसुद्धा दिली होती. "खाणं बंद, रवंथ बंद. पोटात काहीतरी अडकलंय," एवढंच ते म्हणाले होते.

अर्जुनरावांनी ठराव वाचायला सुरुवात केली. नबीचाचा एका कडेला उभे होते.

"थांबा!" मुनिरा उठली. तिचा आवाज ठाम होता. "चेअरमनसाहेब, ठरावाआधी एक काम कराल का? हे दोन तुकडे फक्त ओढून बघा."

"पोरींनी सभेत बोलायचं काय काम?" अर्जुनराव ओरडले.

"सभा सोसायटीची हाय, अर्जुनराव, आन् सोसायटी सगळ्यांची," सुंदरराव म्हणाले. "आण गं इकडं."

त्यांनी गोणपाट धरला. ओढला. जोर लावला, दात-ओठ खाल्ले. एक धागाही सुटला नाही. "वा!" ते म्हणाले आणि त्याच जोराने त्यांनी पांढरा तुकडा धरला. फस्स! तुकड्याचा भुगा झाला. काळ्या कोटावर, मिशीवर, सगळीकडे पांढऱ्या सळ्या! सभेत हसू पिकलं.

"ह्याच सळ्या, साहेब!" मुनिराने फोडलेल्या गोवऱ्या पुढे ठेवल्या. तिघांनी मिळून सगळं सांगितलं. दावणींची मोजणी, गोवऱ्यांची भिंत, वहीतली तारीख. बायनाआज्जीने मधेच उभं राहून "तारखा बरूबर हायत, माझ्या लेकीची शपथ!" असं बजावलं. डॉक्टरांनी एक सळी उचलली, बोटाने वाकवली आणि मान डोलावली.

"बरोबर आहे. या पोटात गोळा होऊन बसतात. मग रवंथ थांबतो, पोट फुगतं."

"अहो, पण हरणी!" अर्जुनराव हार मानायला तयार नव्हते. "हरणीचं पोतं तर बारदान्याचं होतं! तिच्या पोटात पांढरं आलं कुठून? सांगा की आता!"

सगळे मुलांकडे बघू लागले. मुनिरा वहीची पानं पुन्हा उलटू लागली.

शिवकन्येला सात लाल गाठींचं ते पोतं आठवलं. हरणीपुढचं पोतं रोज कोण भरायचं? ती बायकांमध्ये बसलेल्या आईकडे वळली.

"माय," ती हळू आवाजात म्हणाली, "हरणीचं पोतं तू कशातनं भरलंस गं?"

कौशल्याबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पलीकडच्या दावणीतलं पांढरं पोतं फाटलं होतं," त्या म्हणाल्या. "कुट्टी सांडायली होती. दुष्काळात एक काडी वाया जाऊ द्यावी का? म्हणून मी सगळी गोळा केली आन् नबीभाऊंच्या पोत्यात वतली. ते मजबूत, म्हणून. रोज वतायची. माझ्या गाईला दोन घास जास्त मिळतील, असं वाटलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "म्याच तिला चारलं. आन् नाव नबीभाऊंचं आलं. मला ठावं न्हवतं हो."

शिवकन्या धावत जाऊन आईला बिलगली.

मग नबीचाचाच पुढे आले. "वैनी, सांडलेला चारा उचलला, त्यात काय गुन्हा? माझ्या पोत्यावर भरोसा ठेवलात तुमी. मला तेवढं पुरं हाय."

सुंदरराव खुर्चीवरून उठले. कोटावरच्या सळ्या अजून तशाच होत्या. त्यांनी नबीचाचांपुढे हात जोडले.

"नबीभाई, न बघता बोललो आमी. सोसायटी तुमची माफी मागते. अर्जुनराव!"

"जी?"

"ते टेबल आन् ती बाज आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. चारा शेडमध्ये जाईल. आन् सगळी कुट्टी पाखडून घ्यायची, सुपानं, पहिलं सूप तुमच्या हातात!"

दुपारभर माळावर शंभर सुपं चालली. सोबत अर्जुनराव नाकाला रुमाल बांधून पाखडत होते, आणि बायनाआज्जी त्यांना "मनगट हलवा, कंबर न्हाई!" असं शिकवत होती. हलक्या सळ्या वाऱ्याने पलीकडे मुद्दाम ताणलेल्या एका ओल्या चादरीवर जाऊन चिकटत. कुणीतरी त्या पेटवायला निघालं, तर गहिनीनाथने काडी हिसकावून घेतली. "धूर कुणाच्या नाकात जाणार? भंगारवाल्याकडं जाऊ द्या!" त्याची ती नवी चप्पलसुद्धा त्या दिवशी तुटली, पण त्याला पर्वा नव्हती.

संध्याकाळी शहादेव सर छावणीत आले. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "मग आता काय लिहिणार? प्लास्टिक वाईट, ताग चांगला?"

"एवढं सोपं न्हाई, सर," मुनिरा म्हणाली. "तागाला पाणी लई लागतं, हे खरंच हाय. पण हरणीच्या पोत्यावर सात गाठी हायत. ते पाणी एकदाच लागलं आन् पोतं आठ येळा कामाला आलं. पांढरं पोतं दोन महिन्यांत संपलं, आन् संपलं तरी गेलं न्हाई. गाईच्या पोटात जाऊन बसलं."

"आन् ते प्लास्टिकचंच पिंप बघा," शिवकन्येने टँकरकडे बोट दाखवलं. "दहा वर्षं सावलीत हाय, रोज पाणी देतोय. ते कुठं वाईट हाय? वस्तू कशाची हाय ते बघायचं, पण किती येळा वापरली, कुठं ठेवली आन् शेवटी कुठं गेली, ते बी बघायचं."

"पत्रावळ सगळ्यात आधी माती झाली, सर," गहिनीनाथने भर घातली. "पण तिच्यात कुट्टी कोण भरणार?"

सरांनी वही मिटली. "पंचवीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले, "पण असा गृहपाठ मला कुणी दिला नव्हता. शाबास रे पोरांनो!" चेअरमनांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरांनी ती वही तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायला मागितली. नबीचाचांनी मुनिराला जवळ घेतलं आणि ते एवढंच म्हणाले, "बेटा, तू माझं नाव राखलंस." मुनिराला आणखी काही नकोच होतं.

"झालं का कौतुक?" मागून आवाज आला. बायनाआज्जी कमरेवर हात ठेवून उभी होती. "झालं असंल तर चला. आठ गोवऱ्या फोडल्यात माझ्या. मोजून ठेवल्यात मी!"

"आज्जी, आज?" गहिनीनाथ कळवळला.

"आज न्हाई. पोटं साफ होऊ द्या ढोरांची. आठ दिसांनी या. सूट मिळणार न्हाई!"

आठ दिवसांनी तिघं भिंतीपाशी हजर झाली. हरणी दावणीला उभी होती. जरा रोडावली होती, पण तिचा जबडा सावकाश इकडून तिकडे हलत होता, आणि कौशल्याबाई शेजारी बसून तो रवंथ नुसता बघत होत्या. पोत्याच्या कोपऱ्यात आठवी लाल गाठ होती.

शिवकन्येने हरणीचं ताजं शेण आणलं. तिघांनी गोळा फोडला, बोटांनी चाचपला, पुन्हा फोडला.

"काय सापडलं का?" आज्जीने विचारलं.

"काही न्हाई!" तिघं एकदम ओरडली.

"मग बघत काय बसलाव? थापा की!"

थप्प! शिवकन्येची पहिली गोवरी भिंतीवर बसली. गहिनीनाथने वही काढली आणि शेणाच्या बोटांनीच शेवटची नोंद केली: "आज काही झालं नाही." ती त्याने आयुष्यात पहिल्यांदा आनंदाने लिहिली होती.